वेदनाशमन कक्ष आणि गृहभेट सेवा: एका वयस्क कर्करुग्णाच्या घरातून केलेले परीक्षण

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा वेदनाशमन कक्ष आणि त्याला जोडलेली गृहभेट सेवा आमच्या घराने गेल्या पावसाळ्यापासून वापरली आहे. रुग्ण म्हणजे माझ्या सासूबाई. वय 79, स्तनाचा कर्करोग, तो पुढे पाठीच्या मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात उतरलेला. कर्करोगावरचे मूळ उपचार नागपूरला झाले. हे परीक्षण त्या उपचारांचे नाही. वेदना मोजणे आणि ती आटोक्यात ठेवणे एवढ्याच कामाचे आहे. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि कक्षात माणसे इतकी थोडी आहेत की नाव घेतल्यास तक्रार व्यवस्थेवर न राहता एखाद्या सिस्टरच्या डोक्यावर जाऊन बसेल.

सेवेचे स्वरूप साधे आहे. आठवड्यातून दोन दिवस बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि उरलेल्या दिवशी एक गाडी खेड्यांत फिरते. गाडीत परिचारिका आणि समाजसेवक नेहमी असतात, डॉक्टर अधूनमधून. गावची आशाताई आधी फोन करून घरी कोण आहे याची खात्री करते. गृहभेटीचे पैसे घेत नाहीत, औषधांचे थोडे पडतात. आमच्यासारख्या कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला ते झेपतात.

या सेवेची खरी किंमत औषधात नसून विचारण्याच्या पद्धतीत आहे, असे माझे मत झाले आहे, आणि म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

म्हातारी माणसे दुखणे सांगत नाहीत. काहींना ते वयाचेच वाटते, काहींना मुलांचा खर्च वाढेल अशी धास्ती असते, आणि पुष्कळांना दुखणे वाढले म्हणजे आजार वाढला ही बातमीच ऐकायची नसते. ‘कसे आहे?’ या प्रश्नाला आमच्याकडे ‘बरं हाय’ हे एकच उत्तर ठरलेले आहे, मग माणूस बाजेवर आखडून का पडलेले असेना. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतकी, या मापावर आकडा सांगायचा ही जगभर वापरली जाणारी रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण गर्दीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागातल्या एका तरुण डॉक्टरांनी कागदावरून डोळे न उचलता ‘आजी, दहापैकी किती?’ असे विचारले तेव्हा सासूबाईंनी ‘पाच’ सांगून टाकले, कारण काहीतरी सांगणे भाग होते. बांधावर उभे राहून पिकाची पैसेवारी ठरवावी तसा तो प्रकार झाला. पीक कापून, मळून, तोलून पाहिल्याशिवाय पैसेवारी खरी येत नाही, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असते.

गाडीतून घरी आलेल्या सिस्टरांनी हेच काम दुसऱ्या तऱ्हेने केले. त्या बाजेच्या कडेला बसल्या, आधी तुरीच्या शेंगांबद्दल बोलल्या, मग म्हणाल्या, ‘आजी, रात्री कूस बदलता येते का?’

‘नाही ना बाप्पा. बदलली की कळ पार मस्तकात जाते.’

‘मंग सोळा आण्यांत किती धरायची ती कळ?’

‘बारा आणे धर. निजून राहिली तं चार आणे.’

कागदावर, दहाच्या मापात, हलताना आठ आणि पडून असताना तीन अशी दोन वेगळी नोंद झाली. हाडातल्या कर्करोगात हा फरक फार महत्त्वाचा असतो, कारण रुग्ण निश्चल पडून असताना विचारले तर वेदना आटोक्यात आहे असेच वाटते. प्रत्यक्षात तो हलतच नसतो म्हणून ती कमी असते. त्यानंतर दुखणे कोणत्या जातीचे आहे हे विचारले गेले. आतून ठणकते का, आग होते का, वीज गेल्यासारखी चमक निघते का, मुंग्या येतात का, पोटात पीळ पडतो का. ठणका आणि हलताना वाढणारी कळ हाडाकडे बोट दाखवते, आग, चमक आणि झिणझिण्या दाबल्या गेलेल्या नसेकडे, आणि प्रत्येकाचे औषध निराळे. सासूबाईंना दोन्ही होते, पण पायातली आग त्यांनी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. ती पायाच्या जुन्या भेगांमुळे आहे असे त्या धरून चालल्या होत्या.

मग सिस्टरांनी औषधांची पिशवी मागितली. आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एक कापडी दुकानाची पिशवी खुंटीला लटकलेली असते आणि तिच्यात तीन-चार दवाखान्यांच्या गोळ्या एकत्र नांदत असतात. त्यांनी ती बाजेवर रिकामी केली. त्यात डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक या एकाच कुळातल्या दोन वेदनाशामक गोळ्या निघाल्या, दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि दोन्ही चालू. रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, आणि एक झोपेची गोळी. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात कंबर धरली की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन ठरलेले असे. त्याने दिवसभर बरे वाटे, म्हणून कोणी शंका घेतली नाही. या वयात अशी औषधे सतत घेतल्यास जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे मंदावतात आणि रक्तदाबही बिघडतो. रक्त तपासले तेव्हा सासूबाईंचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कितपत चालले आहे ते दाखवणारे माप, वाढलेले होते. दोन्ही गोळ्या आणि इंजेक्शन त्याच आठवड्यात बंद झाले. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू उतरवत बंद केली, कारण मॉर्फिनसोबत ती गुंगी वाढवते, श्वास मंद करू शकते आणि रात्री लघवीला उठताना पडण्याचे कारण ठरते.

मॉर्फिनबद्दल लिहायलाच हवे, कारण या कक्षात जाणे टाळणाऱ्या बहुतेक घरांची अडचण तीच आहे. ‘अफूची गोळी’ म्हटले की एक तर व्यसन आठवते नाहीतर शेवट. आमच्याकडेही थोरल्या दीरांनी प्रथम नकार दिला. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधे, दुसरीवर कोडीन किंवा ट्रामाडॉलसारखी सौम्य अफूजन्य औषधे, तिसरीवर मॉर्फिन. कक्षातल्याच दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिरांना सांगितले ते असे की प्रत्येकाने सगळ्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत असा नियम नाही. वेदना तीव्र असेल तर अगदी कमी मात्रेत थेट मॉर्फिन सुरू करता येते, आणि वयस्क माणसात ट्रामाडॉलने चक्कर, मळमळ, संभ्रम होण्याची शक्यता लक्षात घेता कधी तेच अधिक सोयीचे पडते. मॉर्फिन कर्करोग झाला म्हणून नव्हे तर वेदना किती आहे ते पाहून देतात, वेदना कमी झाली तर कमीही करतात. हे त्यांनी कोणतीही घाई न करता, दिरांच्या सगळ्या शंका संपेपर्यंत सांगितले. बाह्यरुग्ण विभागातले तरुण डॉक्टर आणि हे, एकाच कक्षातले असूनही, कामाच्या रीतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या वाट्याला कोण येईल हे नशिबावर आहे. सेवेतील ही मोठी उणीव मानावी लागेल.

साधी मॉर्फिनची गोळी आपल्याकडे 10 मिलिग्रॅमपासून मिळते आणि तिचा परिणाम साधारण चार तास टिकतो. सासूबाईंना अर्ध्या गोळीने सुरुवात झाली, आणि मूत्रपिंडे मंद असल्याने दोन मात्रांमधले अंतर चारऐवजी सहा तासांचे ठेवले. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे घटक साचत जातात आणि रुग्ण गुंगतो, हातपाय झटके देतात, भास होतात. हे घडल्यास काय करायचे, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. सर्वांत जास्त भर दिला तो घड्याळावर. दुखले की गोळी, अशी आपली सवय. इथे दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी गोळी, आणि मध्येच कळ उठली तर द्यायची वेगळी जादा मात्रा, जी सहसा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतकी असते. जादा मात्रा किती वेळा लागली हे वहीत लिहायचे, म्हणजे पुढच्या भेटीत मूळ मात्रा वाढवायची की नाही ते ठरते.

वेळांचा कागद त्यांनी हाताने काढून दिला. सकाळी सहाला कोंबडा, दुपारी बाराला डोक्यावरचा सूर्य, संध्याकाळी सहाला गोठ्यात परतणारी गाय, रात्री बाराला चंद्र, आणि प्रत्येक चित्राखाली अर्धी गोळी, रंगवलेली. सासूबाईंना अक्षरओळख नाही. तरी आम्ही सगळे शेतात असताना दुपारची गोळी त्यांनी स्वतः घेतली आणि सूर्याखाली कोळशाने रेघ ओढून ठेवली. छापील कागद देणे रुग्णालयाला सोपे गेले असते.

पहिल्या गोळीबरोबरच शौच साफ होण्याच्या गोळ्याही सुरू झाल्या. मॉर्फिनची मळमळ आणि गुंगी बहुधा थोड्या दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. गोळी चालू आहे तोवर ते राहते. म्हणून आतड्याला चालना देणारे बिसॅकोडिल किंवा सोनामुखीचे औषध रोज द्यायचे. आम्ही इसबगोल सुचवले होते, ते त्यांनी नाकारले. म्हातारे माणूस पाणी कमी पिते, आतडे मंदावलेले असते, अशा वेळी इसबगोल फुगून अडकून बसू शकतो. हे कारण पटण्यासारखे होते. पायातल्या आगीसाठी अमिट्रिप्टिलीनऐवजी गॅबापेंटिन कमी मात्रेत दिले, तेही मूत्रपिंडे पाहून. अमिट्रिप्टिलीन या वयात लघवी अडवते, तोंड कोरडे पाडते आणि संभ्रम वाढवते, असे सांगितले.

मणक्याच्या दुखण्यासाठी त्यांनी नागपूरच्या किरणोपचार विभागाला चिठ्ठी लिहून दिली. हाडातल्या वेदनेसाठी किरणांची 8 ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एकच मात्रा एकाच बैठकीत देता येते आणि पुष्कळांना ती पुरते, हे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही महिनाभर नागपूरला खोली घ्यावी लागेल या भीतीने गप्प होतो. उपचारानंतर काही दिवस दुखणे उलट वाढले, नंतर दोन-तीन आठवड्यांत उतरत गेले, आणि वहीतले बारा आणे सहा आण्यांवर आले. त्याच वेळी सिस्टरांनी एक सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला लावली: पायांतली ताकद गेली, लघवी अडली किंवा पाठीत अचानक नवी कळ सुरू झाली तर गाडीची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. मज्जारज्जू दबल्याची ती लक्षणे असतात आणि उशीर झाल्यास पाय परत येत नाहीत.

शेजारच्या घरातले आजोबा याच सेवेचे रुग्ण आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलही थोडे. जन्मभर तंबाखूचा खर्रा, त्यातून जबड्याचा कर्करोग, आणि वर स्मृतिभ्रंश. बोलणे जवळजवळ बंद. ज्याला प्रश्न समजत नाही त्याला आकडा विचारून उपयोग नाही, म्हणून तिथे सिस्टर पाच गोष्टी पाहतात: श्वास कसा चालला आहे, कण्हणे किंवा ओरडणे आहे का, चेहरा आक्रसला आहे का, मुठी आवळल्या आहेत का, आणि जवळ घेऊन बोलल्यावर तो शांत होतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. हे सिस्टर आजोबा निजलेले असताना करत नाहीत. त्या घरातल्या आजी त्यांचे तोंड पुसतात, कूस वळवतात तेव्हा करतात. आजोबा जेवताना हात झटकतात तो चिडकेपणा आहे असे घरचे समजत होते. वेदनेचे औषध वाढवल्यावर झटकणे थांबले. जखमेच्या दुर्गंधीसाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायला शिकवले. त्यानंतर नातवंडे पुन्हा त्या खोलीत जाऊ लागली.

आता तक्रारी.

मॉर्फिन एका वेळी दोन आठवड्यांपुरतेच मिळते. रिकामी पाकिटे मोजून परत घेतात, ओळखपत्र पाहतात, नोंदवहीत सही घेतात. अमली पदार्थांविषयीचा 1985 चा कायदा कडक आहे, हिशेब ठेवणे गरजेचे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिनसह सहा अत्यावश्यक औषधे ठेवण्यासाठी आधीसारखे अनेक परवाने गोळा करावे लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. तरीही आमच्या तालुक्यात एकाही ठिकाणी ही गोळी मिळत नाही. अफूची शेती सरकारी परवान्याने शेजारच्या मध्य प्रदेशात होते, सरकारी कारखाना नीमचला आहे, आणि विदर्भातल्या म्हातारीला अर्ध्या गोळीसाठी चाळीसेक किलोमीटर एसटीने जावे लागते. 75 वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे, हे खरे. पण मणक्यात कर्करोग असलेल्या माणसाला खड्ड्यांच्या रस्त्याने मोफत नेऊन काय साधणार? नातेवाइकाने रुग्णाच्या पत्रासह गेले तरी चालते, परंतु ही सोय आम्हांला बऱ्याच उशिराने, समाजसेवकांकडून कळली. औषधाच्या खिडकीवर तशी पाटी लावायला काहीच खर्च नाही.

साठा संपण्याचेही प्रसंग आले. पोळ्याच्या दिवशी कक्ष बंद, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा म्हणून कर्मचारी कमी, आणि तिसऱ्या दिवशी खिडकीवर ‘मॉर्फिन नाही, ट्रामाडॉल न्या’ असे उत्तर. त्या रात्री सासूबाई झोपल्या नाहीत. नियमित चालू असलेले मॉर्फिन एकाएकी तोडले तर वेदना तर उसळतेच, शिवाय घाम, अस्वस्थता, जुलाब असे त्रास होतात. हे ज्यांनी आम्हांला शिकवले त्यांच्याच खिडकीवर असे व्हावे, हे अक्षम्य वाटते. दिलेला फोन क्रमांक रात्री उचलला जात नाही. संध्याकाळी सहानंतर कोणी नसते, आणि वेदना तर रात्रीच वाढते.

इमारतीबद्दल दोनच वाक्ये. प्रतीक्षेची बाके पाठ नसलेली आहेत, आणि स्वच्छतागृहात उंच बैठक नाही. मणक्याच्या आणि खुब्याच्या रुग्णांसाठीच्या कक्षात ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसेल असे मानवत नाही.

उन्हाळ्यात मी फेंटॅनिलच्या पॅचचा आग्रह धरला होता. कातडीला चिकटवायची पट्टी तीन दिवस चालते, मग गोळ्यांच्या वेळा सांभाळायला नकोत, असा माझा विचार. डॉक्टरांनी तेव्हा तो मानला नाही. पॅच वेदना स्थिर झालेल्या रुग्णासाठी असतो. लावल्यावर पूर्ण परिणाम यायला बारा ते चोवीस तास लागतात आणि काढल्यावरही औषध बराच वेळ अंगात राहते. शिवाय कातडी तापली की औषध जास्त वेगाने शोषले जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर, टिनाच्या छपराखालची खोली, त्यात ताप आला तर नकळत मात्रा वाढण्याचा धोका. आमच्या भागाच्या उन्हाचा विचार करून औषध ठरवणारा डॉक्टर मला तोवर भेटला नव्हता. पावसाळा लागल्यावर, वेदना स्थिर झाल्यावर, सर्वांत कमी मात्रेचा पॅच लावून पाहिला. तो सासूबाईंना मानवला, मात्र गोळीपेक्षा बराच महाग पडला, म्हणून पुन्हा गोळ्यांवर आलो.

समाजसेवकांचे काम प्रथम मला अवांतर वाटत असे. वेदनाशमन सेवेचा पाया घालणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी मांडलेली ‘समग्र वेदने’ची कल्पना, म्हणजे शरीराच्या दुखण्यात मनाचे, घराचे आणि पैशाचे दुखणे मिसळलेले असते, ही त्यांच्या बोलण्यात वारंवार येई. सासूबाईंच्या वहीतले आणे दर शनिवारी वाढतात हे त्यांनी हेरले. शनिवारी थोरले दीर बँकेच्या कर्जाबद्दल ओसरीवर बोलत असत आणि आतल्या बाजेवर सगळे ऐकू येई. बोलणे गोठ्याकडे हलवले, श्रावणबाळ योजनेचा अडलेला अर्ज समाजसेवकांनी तहसीलमधून मार्गी लावला, आणि शनिवारची जादा गोळी पुष्कळदा वाचू लागली.

गुणच द्यायचे तर वेदना मोजण्याच्या कामाला, गृहभेटीपुरते, मी पाचपैकी पाच देते. बाह्यरुग्ण विभागात त्याच कामाला तीन. औषधपुरवठ्याला दोन, रात्रीच्या मदतीला शून्य. ज्यांच्या घरी कर्करोगाचे वयस्क रुग्ण आहेत त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी, आणि उपचार थांबण्याची वाट पाहू नये. मूळ उपचार चालू असतानाही हा कक्ष रुग्ण घेतो. शक्य असेल तर पहिली भेट घरीच मागावी. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बंद केलेल्यासुद्धा, सोबत न्याव्यात, अलीकडचा क्रिएटिनिनचा अहवाल न्यावा, आणि रात्री ज्याची झोप मोडते त्या माणसाला न्यावे, कारण खरी माहिती त्याच्याकडे असते. सणावाराच्या आठवड्यात गोळ्या संपण्याच्या चार दिवस आधी खिडकीवर जावे आणि निघण्यापूर्वी साठा आहे का ते फोनवर विचारावे. हा फोन सकाळी दहा ते बारा या वेळेत उचलला जातो.